‘रुएन’ प्रकरण : भर समुद्रातली पकड ते मुंबईतलं कोर्ट

जळगावच्या दालमिलांना आसपासच्या जिल्ह्यांतली तूर वर्षभर पुरत नाही. हंगाम सरत आला की मोझांबिकची गजरी, टांझानियाची अरुषा असा आफ्रिकी माल चाळण्यांवर चढतो. भारताने मोझांबिकशी २०१६ मध्ये डाळींच्या खरेदीचा दीर्घ मुदतीचा करार केला आणि २०२१ मध्ये तो वर्षाला दोन लाख टन तुरीच्या हिशेबाने पुढे वाढवला. हा माल नाकाला किंवा बैरा बंदरात चढतो, न्हावा शेवा किंवा मुंबईला उतरतो आणि कसारा घाट, नाशिक, धुळे करत जळगावला पोहोचतो.

नाकाला ते न्हावा शेवा सरळ धरलं तर अंदाजे पावणेतीन हजार सागरी मैल पडतात. बारा नॉटने, म्हणजे ताशी बारा सागरी मैलांनी, चालणाऱ्या जहाजाला साडेनऊ-दहा दिवस लागतात. नकाशावर ही रेघ विषुववृत्त ओलांडते तेव्हा सोमालियाचा किनारा जेमतेम पाचशे सागरी मैलांवर असतो. मोझांबिकच्याच मापुतो बंदरातून ५५,००० टन कोळसा घेऊन निघालेलं बांगलादेशी ‘एमव्ही अब्दुल्ला’ १२ मार्च २०२४ रोजी मोगादिशूच्या पूर्वेला सुमारे सहाशे सागरी मैलांवर पळवलं गेलं. म्हणजे आपल्या तुरीच्या वाटेवरच.

अब्दुल्लाचे २३ खलाशी महिनाभर ओलीस राहिले आणि १४ एप्रिलला सुटले. खंडणी पोहोचल्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडे आल्या. त्याच आठवड्यांत त्याच पाण्यात दुसरं एक जहाज खंडणीशिवाय सुटलं, त्यावरचे सगळे चाचे जिवंत पकडले गेले आणि कोर्टात उभे राहिले. ते जहाज ‘रुएन’. देशांनी चाचेगिरीला काय उत्तर द्यावं, याचा विचार या प्रकरणाच्या आधाराने नेमका करता येतो. यात जमलेलं आणि हुकलेलं दोन्ही समोर आहे.

घटना

‘एमव्ही रुएन’ हे माल्टाचा ध्वज लावलेलं, बल्गेरियन कंपनीचं सुट्या मालाचं जहाज. त्यावर सुमारे ३७,८०० टन माल आणि बल्गेरिया, म्यानमार, अंगोला इथले मिळून १८ खलाशी होते. १४ डिसेंबर २०२३ रोजी सोकोत्रा बेटाच्या पूर्वेला अरबी समुद्रात चाचे त्यावर चढले. २०१७ नंतर सोमाली चाच्यांनी मोठं व्यापारी जहाज ताब्यात घेऊन टिकवण्याची ही पहिलीच वेळ.

तेव्हाच का, याची कारणं वर्ष-दोन वर्षं आधीपासून साचत होती. सोमालियाच्या प्रादेशिक पाण्यात शिरून चाच्यांचा पाठलाग करायची मुभा सुरक्षा परिषदेने जून २००८ च्या ठराव १८१६ ने दिली होती. ती वेळोवेळी वाढवली गेली, पण मार्च २०२२ मध्ये संपली आणि नव्याने दिलीच गेली नाही. जहाज उद्योगाच्या संघटनांनी १ जानेवारी २०२३ पासून हिंदी महासागरातला ‘अतिजोखमीचा पट्टा’ नकाशावरून काढून टाकला. मग १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलॅक्सी लीडर’ हे जहाज पळवलं आणि नौदलांची नजर तांबड्या समुद्राकडे वळली. पहारा ढिला पडल्याचं चाच्यांच्या लक्षात यायला महिनाही लागला नाही.

हुथींचे हल्ले आणि चाचेगिरी एकाच पोत्यात भरू नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम १०१ चाचेगिरी म्हणतं ती खाजगी फायद्यासाठी, खुल्या समुद्रात, एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर केलेल्या हिंसेला किंवा लुटीला. राजकीय मागणीसाठी क्षेपणास्त्र डागणारा त्या व्याख्येत बसत नाही आणि त्याचं उत्तरही वेगळं असतं. रुएनवर चढलेल्यांना मात्र पैसे हवे होते.

किनाऱ्यापासून इतक्या दूर चाचे पोहोचतात कसे? आधी एखादं मासेमारीचं ‘धाव’, म्हणजे लाकडी गलबत, बळकावलं जातं. त्यावर डिझेल, पाणी आणि दोन-तीन स्किफ, म्हणजे ताकदीचं आउटबोर्ड इंजिन लावलेल्या हलक्या होड्या, चढवल्या जातात. हे धाव आठवडाभर समुद्रात तळ म्हणून फिरतं. सावज दिसलं की स्किफ सुटतात. त्या वीस-पंचवीस नॉटने पळतात, भरलेलं सुट्या मालाचं जहाज बारा-चौदाने चालतं. शिवाय माल भरला की जहाज पाण्यात खोल बसतं आणि डेक पाण्यापासून फार उंच राहत नाही. आकडे लावलेली हलकी शिडी कठड्याला अडकली की वर चढायला मिनिटभर पुरतं. अठरा नॉटच्या वर वेग असलेल्या जहाजावर चाचे चढू शकल्याची नोंद नाही, हे जहाजमालकांच्या सुरक्षा मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे. पण सुट्या मालाच्या जहाजाला तो वेग गाठताच येत नाही.

धोक्याचा संदेश गेल्यावर भारतीय नौदलाचं टेहळणी विमान १५ डिसेंबरला रुएनच्या डोक्यावर होतं आणि एडनच्या आखातातली युद्धनौका १६ तारखेला जवळ पोहोचली. हा वेग चांगलाच म्हणायचा. पण शिडी अडकल्यापासून ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, हातातून जाईपर्यंतचा खेळ बहुतेक वेळा अर्ध्या तासात संपतो. एकदा खलाशी बंदुकीच्या टोकावर आले की युद्धनौका कितीही मोठी असली तरी तिचे हात बांधले जातात. जखमी खलाश्याला १८ डिसेंबरला भारतीय नौदलाने उतरवून घेतलं आणि उपचारांसाठी ओमानला पाठवलं. उरलेल्या १७ जणांसह रुएन सोमालियाच्या किनाऱ्याला नेलं गेलं.

याच्या शेजारी तीन आठवड्यांनंतरची घटना ठेवून बघा. ४ जानेवारी २०२४ रोजी लायबेरियाचा ध्वज लावलेल्या ‘लीला नॉरफोक’वर पाच-सहा सशस्त्र लोक चढले. जहाजावर १५ भारतीयांसह २१ खलाशी होते. ते सगळे सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद होणाऱ्या पोलादी दाराच्या सुरक्षित खोलीत, जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी आयएनएस चेन्नईवरून नौदलाचे मार्कोस कमांडो उतरले तेव्हा चाचे पळून गेले होते आणि सगळे सुखरूप निघाले. सिटाडेलच्या तीन अटी आहेत आणि त्यातली एक मोडली तरी खोली निरुपयोगी ठरते. शेवटचा माणूसही आत हवा, कारण एक जरी बाहेर सापडला तरी तो ओलीस होतो आणि कमांडो चढत नाहीत. आतून बाहेर बोलता येईल असा स्वतंत्र बॅटरीवरचा सॅटेलाइट फोन हवा, आणि त्याचा अँटेना चाच्यांच्या हाताला न लागणारा हवा. तिसरं म्हणजे आत जाण्याआधी इंजिन बंद करून त्याचा ताबा चाच्यांना मिळणार नाही अशी व्यवस्था हवी. नाहीतर खलाशी आत कोंडलेले आणि जहाज किनाऱ्याकडे निघालेलं, अशी गत होते.

तीन महिने कोणी हात का लावला नाही

या प्रकरणातला सगळ्यात कच्चा भाग हा आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत रुएन सोमालियाच्या पाण्यात उभं होतं. ते कुठे आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी त्या देशाच्या सार्वभौमत्वाखाली येतं. खुल्या समुद्रात चाचे पकडायचा अधिकार कुठल्याही देशाच्या युद्धनौकेला आहे. कलम १०५ तो स्पष्टपणे देतं. बारा मैलांच्या आत तो संपतो. ठराव १८१६ ने हीच भिंत सोमालियापुरती काढली होती, आणि ठराव संपताच ती पुन्हा उभी राहिली. सोमालियाचं केंद्र सरकार परवानगी देऊ शकतं, पण पंटलँड या ईशान्येकडच्या अर्धस्वायत्त प्रांताच्या किनाऱ्यावर त्याची स्वतःची पोहोच तोकडी आहे. ध्वज माल्टाचा, कंपनी बल्गेरियाची, खलाशी तीन देशांचे. यांतल्या कोणाचीही युद्धनौका तिथे नव्हती. जबाबदारी इतक्या जणांत वाटली गेली की कोणाच्याच वाट्याला पुरती आली नाही.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. किनारी देशाशी आधीच लेखी करार करून ठेवायचा. परवानगी कोण देणार, कुठल्या फोनवर, किती तासांत, पाण्यात शिरल्यावर काय करता येईल आणि काय नाही, पकडलेले कुठे न्यायचे, हे सगळं शांततेच्या दिवसांत ठरवायचं. तुर्कस्तानने फेब्रुवारी २०२४ मध्ये सोमालियाशी संरक्षण करार करून त्याच्या समुद्रातल्या सुरक्षेत पाय रोवला. भारताची जहाजं ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात गस्त घालत आहेत. इतक्या वर्षांच्या हजेरीनंतर अशी व्यवस्था आपल्या हाताशी असायलाच हवी. सुरक्षा परिषदेची मुभा पुन्हा मिळवण्याचा प्रयत्नही करावा, पण फक्त तिच्यावर विसंबून राहू नये. ती मतदानाने मिळते आणि मतदानानेच जाते.

चाळीस तास

चाच्यांनी रुएनच बाहेर काढलं म्हणून भारताला संधी मिळाली. मार्चमध्ये ते किनारा सोडून खुल्या समुद्राकडे निघालं. आता ते स्वतःच चाच्यांचा फिरता तळ झालं होतं. अब्दुल्ला पळवण्यासाठी रुएनचा वापर झाला असावा, अशी शक्यता युरोपीय नौदल मोहिमेने वर्तवली होती.

१५ मार्चच्या सकाळी आयएनएस कोलकाता या विनाशिकेने रुएनला गाठलं. जहाजावर चाचे आहेत याची खात्री करायला विनाशिकेने ड्रोन सोडला. चाच्यांनी तो पाडला आणि युद्धनौकेवरही गोळ्या झाडल्या. इथे कायद्याचे दोन प्रश्न एका क्षणात सुटले. जहाज चाच्यांच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं आणि स्वसंरक्षणार्थ बळ वापरायचं कारण मिळालं.

कोलकाताने नेम धरून रुएनची सुकाणू यंत्रणा आणि दिशादर्शक उपकरणं निकामी केली. निवड याच भागांची का, ते समजून घेण्यासारखं आहे. इंजिनरूमवर मारा केला असता तर आग, पूर किंवा तिथे कोंडलेल्या खलाश्यांचा मृत्यू, असं काहीही घडू शकलं असतं. सुकाणू गेलं की जहाज तरंगतं, पण किनाऱ्याकडे वळत नाही. चाच्यांना परत बारा मैलांच्या आत जाता आलं असतं तर तीन महिन्यांचा पेच पुन्हा सुरू झाला असता. पळायची वाट बंद झाली आणि आतले १७ जण सुरक्षित राहिले.

पुढचे सुमारे चाळीस तास दबाव आणि बोलणी. गस्ती जहाज आयएनएस सुभद्रा आलं. पी-८आय विमान आणि उंचावरून फिरणारं मानवरहित विमान सतत वर होतं. १६ मार्चला हवाई दलाच्या सी-१७ ने भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर मार्कोस कमांडो आणि त्यांच्या दोन रबरी होड्या पॅराशूटने समुद्रात उतरवल्या. ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी एकही जखम न होता सुटले.

याचा खर्च लक्षात घ्यायला हवा. विनाशिका, गस्ती जहाज, तीन प्रकारची विमानं आणि कमांडो एका जहाजासाठी. डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ या शंभर दिवसांत नौदलाने या भागात वीसपेक्षा जास्त जहाजं आळीपाळीने ठेवली. हे फार कमी देशांना जमतं, म्हणून प्रत्येक ध्वज-देशाने स्वतःचं नौदल पाठवावं हा सल्ला व्यवहार्य नाही. माल्टा, लायबेरिया, पनामा, मार्शल बेटं यांच्या ध्वजांखाली जगातला मोठा जहाजताफा फिरतो आणि नोंदणीचं शुल्क तेच घेतात. गस्तीच्या, तुरुंगाच्या आणि खटल्याच्या खर्चात त्यांचा ठरलेला वाटा असणं रास्त आहे.

यलो गेट ते सत्र न्यायालय

जुन्या प्रकरणांत गाडी इथेच अडकायची. २००८ ते २०१२ च्या काळात कित्येक नौदलांनी चाचे पकडले, त्यांची शस्त्रं समुद्रात टाकली आणि माणसं पुन्हा किनाऱ्यावर सोडून दिली. खटला चालवायला कोणी तयार नव्हतं. कलम १०५ पकडणाऱ्या देशाला खटला चालवायचा अधिकार देतं, सक्ती करत नाही. देशाच्या स्वतःच्या कायद्यात गुन्हाच नसेल तर त्या अधिकाराचा उपयोग शून्य.

भारताला हा धडा ‘अलोन्ड्रा रेनबो’ने दिला. हे जपानी मालकीचं जहाज ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियातून निघाल्यावर पळवलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये तटरक्षक दल व नौदलाने ते अरबी समुद्रात धरलं. पकडलेल्यांना मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये सात वर्षांची शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. आपल्या दंडसंहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. २०११ च्या सुरुवातीला चार कारवायांत पकडलेल्या १२० च्या आसपास सोमाली चाच्यांचा निकाल लागायला २०१७ उजाडलं.

सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संसदेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. चाचेगिरीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि तीत मृत्यू घडवला किंवा तसा प्रयत्न केला तर मृत्युदंडही. प्रयत्न किंवा मदत केल्यास दहा वर्षांपर्यंत. टोळी उभारणाऱ्या, चालवणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत. नेमलेलं सत्र न्यायालय हे खटले चालवतं. आरोपीकडे शस्त्रं, दारूगोळा किंवा तशी साधनं सापडली तर काही परिस्थितींत गुन्हा केला नाही हे त्यानेच दाखवायचं असतं. मृत्युदंडाची तरतूद मात्र आम्हाला अडचणीची वाटते. पुष्कळ युरोपीय देश फाशीची शक्यता असेल तिथे आरोपी सोपवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नौदलाने पकडलेले चाचे मुंबईला पाठवायचा रस्ता आपणच अरुंद केला आहे.

आयएनएस कोलकाताने ३५ जणांना २३ मार्च २०२४ रोजी मुंबईत आणून यलो गेट पोलिसांच्या हवाली केलं. कोठडीपर्यंतचा हा आठवडा कायद्याच्या दृष्टीने नाजूक असतो. अटकेपासून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या घटनात्मक बंधनातून प्रवासाचा आवश्यक वेळ वगळला जातो. त्यासाठी जहाजाच्या नोंदवहीत प्रत्येक दिवसाचं स्थान, वेग आणि कारण लिहिलेलं हवं. विनाकारण कुठे थांबलं तर बचाव पक्ष तेच पकडेल.

पुराव्याचंही तसंच. कमांडो सैनिक असतात, पंचनामा करणारे हवालदार नसतात. शस्त्र हातात घेण्याआधी ते जिथे पडलं आहे तिथला फोटो, वेळ आणि अक्षांश-रेखांश. मग प्रत्येक बंदूक वेगळ्या पिशवीत, त्यावर क्रमांक, कोणाकडून घेतली त्याचा फोटो, दोघांच्या सह्या. शिडी आणि आकडेसुद्धा जपायचे. मासेमारीच्या होडीवर बंदूक स्वसंरक्षणासाठी होती असं म्हणता येतं, जहाजाच्या कठड्याला बसणाऱ्या आकड्यांच्या शिडीचं दुसरं काही कारण सांगता येत नाही. पाडलेल्या ड्रोनचं चित्रण हा इथे मोठा पुरावा. खलाश्यांचे जबाब ते घरी जाण्याआधी घ्यायला हवेत, कारण बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाला गेलेले साक्षीदार दोन वर्षांनी मुंबईत आणणं जवळपास अशक्य असतं. व्हिडिओवरून साक्ष घ्यायची व्यवस्था पहिल्याच महिन्यात त्या देशांशी ठरवावी. आणि सोमाली दुभाषा लागतो, पहिल्या चौकशीपासून. आरोपीला त्याच्या भाषेत आरोप कळला नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही खटला लंगडा पडतो.

या पस्तिसांच्या मागे कोण, हा प्रश्न तरीही उरतोच. जागतिक बँकेच्या २०१३ च्या अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात सोमाली चाच्यांनी ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी उकळली. शिडी चढणाऱ्या पोराच्या हातात त्यातला अगदी थोडा भाग येतो. डिझेल, बंदुका आणि ओलिसांचं जेवणखाण उधारीवर पुरवणारा भांडवलदार जमिनीवर असतो. बेल्जियमने ‘अफवेने’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोहम्मद अब्दी हसनला २०१३ मध्ये त्याच्यावर चित्रपट काढायचा आहे असं भासवून ब्रुसेल्सला बोलावलं, विमानतळावरच अटक केली आणि २०१६ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या संयमाने पैशाचा माग काढणारं पोलिसी काम नौदलाच्या तोडीचं महत्त्वाचं आहे आणि देश त्यावर फार कमी खर्च करतात. सोमालियाच्या पाण्यात परदेशी ट्रॉलरांची बेकायदा मासेमारी चालू आहे तोवर किनाऱ्यावरच्या कोळ्यांना या टोळ्या आपल्या वाटत राहतील. तिथे परवाने तपासणारा तटरक्षक उभा करणं हाही या उत्तराचाच भाग आहे.

जळगावच्या गाळ्यावर याचा हिशेब

माल पळवलेल्या जहाजावर असेल तर आयातदाराच्या खिशावर काय येतं, हे सौदा करतानाच माहीत असावं. खंडणी देऊन जहाज सुटलं तर ती रक्कम ‘जनरल अॅव्हरेज’ म्हणून जहाज आणि माल यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ‘पोलर’ टँकरच्या प्रकरणात हे पुन्हा पक्कं केलं. २०१० साली पळवलेल्या त्या जहाजासाठी ७७ लाख डॉलर खंडणी गेली होती, आणि मालाच्या मालकांचा वाटा टळला नाही.

समजा जहाज दीड कोटी डॉलरचं, त्यावरचा सगळा माल अडीच कोटींचा आणि खंडणी ४० लाखांची. म्हणजे दर शंभराला दहा. तुमचे वीस फुटी वीस कंटेनर, साधारण ५०० टन तूर, किंमत चार कोटी रुपये असेल तर चाळीस लाख तुमच्या नावे. आणि त्या रकमेचा बाँड किंवा विमा कंपनीची हमी दिल्याशिवाय न्हावा शेवाला माल सुटत नाही.

इथे विम्याचं कलम बघा. मालविम्याच्या ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस’ या ठराविक कलमांच्या ‘ए’ प्रकारात चाचेगिरी धरलेली आहे. ‘बी’ आणि ‘सी’मध्ये ती धरलेल्या जोखमींत नाहीच. शिवाय त्यांच्या युद्धविषयक अपवादात जहाज बळकावणं येतं आणि ‘ए’सारखी चाचेगिरीची सूट नसते, त्यामुळे खंडणीचा वाटाही विमा कंपनी नाकारू शकते. अडचण अशी की सीआयएफ भावाने, म्हणजे विमा आणि जहाजभाडं विकणाऱ्याकडे ठेवून, सौदा केला तर विकणाऱ्यावर फक्त किमान, म्हणजे ‘सी’ विम्याची सक्ती असते. दलाल तेवढाच काढून देतो आणि कागद कोणी वाचत नाही. सौद्यात ‘ए’ लिहून घ्या किंवा विमा स्वतः काढा.

‘ए’ घेतला तरी एक भोक राहतंच. उशिरामुळे झालेलं नुकसान त्यातही वगळलेलं आहे, उशीर चाच्यांमुळे झाला असला तरी. रुएनसारखे तीन महिने माल उन्हात उभा राहिला, तुरीला भुंगा लागला आणि तोवर बाजारात नवी आवक येऊन भाव उतरला, तर तो तोटा मिलवाल्याचाच. म्हणून डिसेंबर ते मे या चाच्यांच्या सोयीच्या, शांत समुद्राच्या महिन्यांत सगळी तूर एकाच जहाजावर न टाकता दोन-तीन खेपांत मागवावी. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांत समुद्र खवळलेला असतो, स्किफना तग धरता येत नाही, आणि त्या काळातली खेप या बाबतीत सर्वांत कमी जोखमीची.